तेज माल मिळणार नाही

"हात दाखव," असं म्हणून ते गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात घ्यायचे. नवा माणूस ज्योतिषापुढे धरावा तसा तळहात वर करून धरायचा. ते तो उलटा करायचे, मनगट दाबून बघायचे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा चाचपायचे. मग बहुतेक वेळा मान हलवून म्हणायचे, "नाई जमत. दुसरं सांग."

गोंदियाच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, एक उंच पायरी चढून जायचं त्यांचं दुकान होतं. बंदुका आणि काडतुसं, सगळं लायसनचं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात आणि ते स्वतः रायपूरला मुलीकडे राहतात. पण आमच्या भागात अजूनही बंदुकीचा विषय निघाला की कोणीतरी त्यांचं एखादं बोलणं सांगतंच. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. मीही तेच म्हणते.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन्सिल आणि स्टीलचं व्हर्नियर, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. आयुष्यभर बार काढून कान अर्धे गेलेच होते, उरलेले ते जपून वापरायचे. त्यामुळे त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे. बंदूक घ्यायला आलेल्या माणसाला आपलं कारण समोरच्या भांडीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं लागे. हे ते मुद्दाम करतात, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. जे कारण ओरडून सांगायची लाज वाटते, त्या कारणासाठी ते माल देत नसत.

एकदा मी दुकानात बसले असताना तिरोड्याकडचा एक ठेकेदार आला. गळ्यात जाड साखळी, हातात गाडीची किल्ली फिरवत. नवंकोरं लायसन त्यानं काउंटरवर टाकलं.

"काकाजी, सबसे तगड़ा वाला दो."

"तगडा म्हंजे कसा?"

"ऐसा, कि चलाया तो पूरा मोहल्ला सुने."

काकाजी वाकले. काउंटरखालून त्यांनी सुतळी बॉम्बचं पाकीट काढलं आणि त्याच्या लायसनवर ठेवलं. "हे घेऊन जा. पुरा मोहल्ला ऐकते. लायसनचीही गरज नाई."

ठेकेदार मोठ्यानं हसला. मग काकाजी हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो लायसन उचलून पायरी उतरला. ती पाकिटं बारा महिने तिथं असायची. दिवाळी संपली की काकाजी उरलेला माल उचलून ठेवत, वर्षभराच्या बेगमीसाठी.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. कायले पायजे? चालवनार कोन? आणि मांगं कोन हाय? पहिल्या दोनांना लोक काहीतरी उत्तर देत. तिसरा कोणालाच कळत नसे.

"मांगं म्हंजे?"

"ज्याच्यावर चालवशील त्याच्या मांगं. भीत हाय, गोठा हाय, लेकरू हाय, कोन हाय?"

लोक म्हणायचे, ते आताच कसं सांगणार? काकाजी म्हणायचे, "मंग आताच कायले घेऊन राहिला?"

माझा आणि त्यांचा संबंध आला तो माझ्या सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरमुळे. आमचं घर पोवारांचं. पूर्वज माळव्यातून इकडे आले तेव्हा कमरेला तलवार बांधून आले, असं सासरे प्रत्येक लग्नात सांगायचे, आणि तलवारीची जागा आपण रिव्हॉल्व्हरनं भरून काढली आहे, असा त्यांचा भाव असायचा. विलायती, आखूड नळीचं, हलकं, पाच गोळ्यांचं. मॅग्नम. हा शब्द ते असा उच्चारायचे की समोरच्यानं चहाचा कप खाली ठेवावा. प्रत्यक्षात दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, आपट्याचं पान वाहिलं जायचं आणि ते परत कपाटात जायचं. सासरे गेल्यावर ते कोणाच्या नावावर करायचं हा प्रश्न आला. माझा नवरा गोरेगावच्या शाळेत शिक्षक, फळ्यावरच्या डस्टरपेक्षा जड काही उचलायला तयार नाही. तिरोडा रस्त्यावरची आमची राइस मिल मी चालवते. म्हणून वारसाहक्कानं ते माझ्या नावावर झालं.

झालं तेव्हा मला त्याची गरज आहे, असं मला वाटत होतं. मिलच्या मागच्या अंगाला माझ्या चुलत दिराची बांधी आहे, म्हणजे धानाचं शेत. मिलमध्ये धान वाळवायच्या अंगणाची भिंत आम्ही त्याच्या जागेत बांधली आहे, असं त्याचं म्हणणं. सासरे होते तोवर तो दबून होता. ते गेले आणि तो रोज येऊ लागला. आधी बोलायला, मग ओरडायला. एका सकाळी भिंतीचा वरचा थर पडलेला दिसला. "पुढच्या खेपेला भीत राहनार नाई आन् भीतीमांगचं कोनी राहनार नाई," असं तो आमच्या चौकीदाराला सांगून गेला.

मी दुसऱ्या दिवशी गोंदियाला गेले. काकाजी सासऱ्यांना ओळखत होते, म्हणून मी सूनबाई झाले.

"काय पायजे, सूनबाई?"

"काडतुसं. सगळ्यात जोरदार असतील ती."

"कायले?"

मी ओरडून सांगितलं. समोरचा भांडीवाला घासणं थांबवून बघू लागला.

काकाजींनी रिव्हॉल्व्हर हिरव्या कापडावर ठेवलं, उघडलं, नळीतून उजेडाकडे पाहिलं. आतून हळदीकुंकवाची भुकटी पडली. त्यांनी ती बोटावर घेऊन मला दाखवली. मग त्यांनी तीन डबे काढले. तिन्हींत तसलीच काडतुसं, तेवढीच लांब, तेवढीच जाड. मला फरक दिसेना.

"मॅग्नम मॅग्नम सगळे म्हन्तेत," ते म्हणाले. "ह्या डब्यातली गोळी एकशे अठ्ठावन्न दाण्याची. ह्यातली एकशे पंचवीस दाण्याची. आन् ही एकशे पस्तीस, पन हिच्यात बारूद कमी."

"कोणत्या तांदळाचे दाणे? चिन्नोर का?" मी म्हटलं. मिलवाल्या बाईला दुसरं काय सुचणार.

आयुष्यात पहिल्यांदा, आणि बहुधा शेवटच्यांदा, मी त्यांना दुकानात हसताना पाहिलं. ग्रेन हे विलायती वजन आहे, पण ते त्याला दाणा म्हणत, आणि सोनाराच्या तराजूत सुटी गोळी टाकून कोणालाही तोलून दाखवत. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाले, "माल भेटन. पन आज नाई. येत्या इतवारी रेंजवर ये. तिन्ही चालव. जो तुह्या हाताले मानवन तो नेजो."

मी चिडले. माझ्या मिलची भिंत पडत होती आणि हा म्हातारा मला रविवारपर्यंत थांब म्हणत होता. मी म्हटलं, मी नागपूरहून आणते. ते म्हणाले, "आन. तिथं कोनी हात पाहनार नाई." मी पायरी उतरले, रिक्षाच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. रेंजचा रस्ता विचारला.

रायफल क्लबची ती रेंज एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी होती. काकाजी माझ्या आधी हजर, स्कूटरच्या डिकीत कागदाची निशाणं, कानाला लावायचे मोठे ठोकळे आणि व्हर्नियर. साथीला क्लबचा एक निवृत्त हवालदार होता, तो झाडाखाली बसून भुईमूग खात होता.

पहिल्यांदा त्यांनी एकशे पंचवीसचा माल भरला. "ही हलकी गोळी हाय. पन पळते लय," एवढंच बोलले. मी दोन्ही हातांनी धरलं, घोडा ओढला. माझ्या डोळ्यांसमोर हातभर लांब नारिंगी जाळ निघाला. कानावर ठोकळे असूनही आवाज दातांत शिरला. दुसरा बार मी डोळे मिटून काढला, हे मला स्वतःला कळलं. पाच बारांत कागदाला एक भोक पडलं, तेही कोपऱ्यात.

"नळी आखूड," काकाजी म्हणाले. "अर्धी बारूद नळीत जळते, अर्धी बाहेर. बाहेर जळते ते तुह्याच डोळ्यापुढं. दुश्मनाले काय होते ते मंग पाहू, आधी तूच आंधळी."

मग एकशे अठ्ठावन्न, जड गोळी, भरपूर बारूद. हाच माल मी मागायला गेले होते. या वेळी पाचवं काडतूस भरण्याआधी त्यांनी ते व्हर्नियरमध्ये धरलं आणि माप पेन्सिलीनं सिगारेटच्या पाकिटावर लिहिलं. ते सिगारेट ओढत नसत, पण त्यांना कागद म्हणून ती पाकिटंच लागत.

"चार चालव. पाचवं राहू दे."

पहिल्या बारानं माझं मनगट कपाळाकडे गेलं. दुसऱ्यानं अंगठ्याजवळचं कातडं सोललं. तिसरा टेकडीला लागला असावा, धूळ उडाली. चौथ्यासाठी मी घोडा ओढला आणि तो ओढलाच गेला नाही. चक्री अर्ध्यावर अडकली होती. मी जोर केला. काही नाही.

"बिघडलं," मी म्हटलं.

"नाई बिघडलं. दे इकडं."

त्यांनी बरीच खटपट करून चक्री मोकळी केली आणि काडतुसं बाहेर काढली. न उडालेली दोन होती. पाचवं त्यांनी पुन्हा व्हर्नियरमध्ये धरलं आणि पाकिटावरचा आकडा मला दाखवला. काडतूस लांब झालं होतं. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. पितळेच्या नळकांडीतून शिशाची गोळी पुढं सरकली होती, जशी धक्क्यानं बाटलीतून बुचं सरकतात तशी.

"हलकं हत्यार, तेज माल. धक्का हत्याराले सहन नाई होत, तो गोळीले बसते. गोळी पुढं येते आन् चक्री अडकवते. समोरचा चालून येऊन राहिला, आन् तुह्या हातात लोखंडाचा गोटा. आता सांग. जोर कोनाले लागला?"

माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मी तो रुमालात गुंडाळला.

तिसरा डबा. कमी बारुदीचा, त्यांच्या भाषेत नरम माल. पहिला बार काढला आणि मी डोळे मिटले नाहीत. जाळ होता, पण मला निशाण दिसत राहिलं. दुसरा, तिसरा. चक्री गोल फिरत राहिली. पाच बारांनंतर हवालदार उठून कागद आणायला गेला. माझ्या पसरलेल्या हाताखाली झाकतील एवढ्या जागेत चार भोकं होती आणि पाचवं जरा खाली.

"पण काकाजी, याची ताकद?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "लागली तं ताकद. नाई लागली तं नुसता आवाज. आवाजासाठी माह्याजवळ दुसरा माल हाय."

त्या दिवशी घरी येताना माझं मनगट सुजलं होतं आणि मला का कोण जाणे फार हलकं वाटत होतं. सासऱ्यांनी आयुष्यभर ज्या शब्दाचा दरारा ठेवला, त्या शब्दाची मी तेरा बारांत ओळख करून घेतली होती. माझ्या हाताला काय झेपतं आणि काय नाही, हे मला आता आकड्यांत माहीत होतं. पुढं वर्षभर मी महिन्यातून एका रविवारी जात राहिले.

काकाजींच्या दुकानात रजिस्टर लिहायला एक बाई होती. चाळिशीची, शांत, अक्षर छापल्यासारखं. उठताना ती टेबलाचा आधार घ्यायची आणि चालताना उजवा पाय ओढायची. एका दुपारी काकाजी कलेक्टर कचेरीत गेले होते, मी आणि ती डबा खात होतो. मी सहज विचारलं, काकाजी आधीपासूनच असे का? प्रत्येकाला परत पाठवणारे?

"नाई," ती म्हणाली. "आधी ते गोंदियात सगळ्यात तेज माल ठेवत. दुकानाच्या पाटीवर लिहून होतं."

"मग?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "माह्या बाबाचं चिचगडले दुकान होतं. मोहफुलं, लाख, डिंक. पुढं गोदाम, मांगं घर, मधात कुडाची भीत. कूड मालूम हाय ना, बांबूच्या काड्या आन् वरून माती. एक दिवस भर दुपारी गोदामात अस्वल शिरलं. मोहफुलाच्या वासानं येते ते. बाबाजवळ असंच आखूड रिव्हॉल्व्हर होतं. काकाजीनंच माल देला होता, सगळ्यात तेज. बाबानं घाबरून बार काढला. अस्वलाले लागली नाई."

मी समजले होते, तरी तिनं ते पूर्ण सांगितलं.

"भितीतून आरपार आली. मी मांगं आभ्यास करत बसली होती. इथं लागली, कमरेत. अस्वल तं आवाजानंच पळालं."

"काकाजींना कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आले. बाबा त्याईले काहीच बोलले नाई. काकाजीच बोलले. म्हणे, मी याले इचारलंच नाई, मांगं कोन हाय." तिनं डबा बंद केला. "मी बारावी झाली तेव्हा ते घरी आले. म्हणे, माह्या रजिस्टरले चांगल्या अक्षराचं मानूस पायजे. बाबा म्हणे, तिले इचारा. मी म्हटलं, येतो, पन दुकानात तेज माल मी लिहून घेईन तेव्हाच निघंन. तेव्हापासून एकशे अठ्ठावन्नचा डबा माह्या सहीशिवाय उघडत नाई."

"आणि तू सही करतेस?"

"करतो न. लांब नळीचं वजनी हत्यार असंल, रेंजवरचा कागद चांगला असंल, तं करतो. माल खराब नाई, बाई. कोनाच्या हाती, कोन्या हत्यारात, कोठी चालवनार, तेवढं पाहा लागते."

मी त्या दिवशी त्यांच्या पाटीकडे नव्यानं पाहिलं. एका ओळीवर रंग मारून ती पुसलेली होती. रंग उडाला होता आणि खालची अक्षरं अर्धी दिसत होती. काकाजींनी ती पाटी कधी बदलली नाही.

धानाची कापणी झाली आणि मिलमध्ये गर्दीचे दिवस आले. अंगणात उकडलेलं धान वाळत पसरलं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. फुलवंता आणि आणखी चार बाया लाकडी दाताळ्यानं धान उलटंपालटं करत होत्या. मी ऑफिसच्या दारात होते, खांद्याला पिशवी, पिशवीत ते. तेवढ्यात भिंतीवर पहिला घाव बसला.

मी धावत गेले. भिंतीला माणूस आत येईल एवढं खिंडार पडलं होतं आणि माझा चुलत दीर हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन त्यातून अंगणात शिरला होता. मागं ट्रॅक्टरवर त्याची दोन माणसं. तो धान तुडवत अंगणाच्या मधोमध आला; मी कडेनं भिंतीपाशी गेले तसा तो माझ्याकडे वळला.

"बाजूले हो, वहिनी. भीत माह्या जाग्यात हाय. आज पाडल्याशिवाय जात नाई."

"भाऊजी, थांबा."

"लय थांबलो." त्यानं सब्बल दोन्ही हातांनी वर धरली आणि तो चालत राहिला. माझ्याकडे.

माझा हात पिशवीत गेला. मूठ ओळखीची लागली. माझं बोट जिथं नको तिथं, घोड्यावर, गेलं, हेही सांगते, कारण ते खरं आहे. मला भीती वाटत नव्हती. हे मला आजही नवल वाटतं. त्याची छाती माझ्यापासून सात-आठ पावलांवर होती आणि एवढ्या अंतरावर मी कागदाला कुठं भोक पाडते ते मला तंतोतंत ठाऊक होतं. आणि तेवढंच तंतोतंत मला दिसलं की त्याच्या खांद्यामागं फुलवंता उभी आहे. दाताळं हातात, तोंड उघडं. तिच्या बाजूला बाकीच्या चौघी. आणि त्यांच्यामागं मिलची पत्र्याची भिंत, जिच्या आत माझी सगळी माणसं काम करत होती.

मी हात बाहेर काढला. रिकामा. पिशवी खांद्यावरून उतरवून पायाशी ठेवली आणि दोन पावलं पुढं गेले.

"मोजणीचा अर्ज करा," मी म्हटलं. माझा आवाज दुकानात ओरडताना लागायचा तसाच लागला, कारण मला तशीच सवय झाली होती. "आजच करा. मी पण सही करते, दोघांची मिळून मोजणी. तुमच्या जागेत निघाली तर मी माझ्या हातानं पाडते. नाही निघाली तर तुम्ही बांधून द्या. बोला."

तो थांबला. सब्बल वरच होती.

फुलवंता हळूहळू चालत आली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बाकीच्या. एकीनं त्याच्या पायाकडे पाहून म्हटलं, "धान्यावरून तं उतर, बापा. पाय तरी धुतले का?"

तो खाली बघू लागला. त्याच्या चपला धानात रुतल्या होत्या. त्यानं सब्बल खाली टेकवली. "सही करशील?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

आम्ही अर्ज ऑफिसातल्या कागदावर लिहिला. त्याची दोन माणसं ट्रॅक्टरवरच बसून राहिली.

संध्याकाळच्या आत मी गोंदियाला काकाजींपुढे बसले होते. शाबासकी घ्यायला गेले होते, खोटं का बोलू. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "बोट कोठी होतं?"

"बाहेर."

"सूनबाई."

"आत होतं," मी म्हटलं.

रजिस्टर लिहिणारी बाई मान वर करून माझ्याकडे पाहत होती. काकाजींनी पेन्सिल खिशात ठेवली. "मांगं पाहलं ते चांगलं केलं," ते म्हणाले. "पन आधी बोट, मंग नजर, असं झालं. उलटं पायजे. इतवारी ये, अजून शिकाचं हाय."

मोजणी महिन्यानं झाली. सरकारी मोजणीदार साखळी-फित्याऐवजी मशीन घेऊन आला, खुंट्या ठोकल्या, दुपारी नकाशा काढून टेबलावर ठेवला. भिंत दिराच्या जागेत होती. दोन फूट. सासऱ्यांनी बांधली होती, मॅग्नम कपाटात ठेवून.

मला वाटलं होतं की माझी बाजू खरी आहे. त्याच्यावर हात उचलायला मी निघाले होते तेव्हा माझ्या मनात तीळभर शंका नव्हती. त्या दोन फुटांवर मी आठवडाभर झोपले नाही, पण शब्द दिला होता तो पाळला. गवंडी लावून भिंत पाडली आणि दोन फूट मागं घेतली. अंगण लहान झालं. फुलवंता अजून कुरकुर करते की धान पसरायला जागा पुरत नाही.

नवी भिंत छातीइतकी झाली होती त्या दिवशी काकाजी स्कूटरवर आले. मी बोलावलं नव्हतं. मिलमध्ये त्यांचा पाय पहिल्यांदाच लागत होता. त्यांनी जुना पाया पाहिला, नवा पाहिला, दोन तळहात समोरासमोर धरून मधलं अंतर मापल्यासारखं केलं. मग बांधीत उभ्या असलेल्या माझ्या दिराकडे पाहिलं. तो गवंड्याचं काम नीट होतंय की नाही ते बघायला रोज यायचा, पण आमच्या बाजूला येत नसे.

"चहा सांग," काकाजी मला म्हणाले. "तीन कप." आणि हात वर करून त्यानं यावं अशी खूण केली.

तो आला, पण बसला नाही. काकाजी बाकावर सरकले. "बस न. मी तुले ओळखतो. तू मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी माह्या दुकानात आलता, नवं लायसन घेऊन."

दिरानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

मला तोपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं. वर्षभर मी त्या दुकानात बसत होते, भिंतीचं सगळं रामायण ओरडून सांगत होते, आणि काकाजींनी एका शब्दानं ते कळू दिलं नव्हतं.

"काय मांगितलं होतं तू?" काकाजींनी विचारलं.

"सगळ्यात जोरदार," तो म्हणाला.

"मंग?"

"तुमी म्हटलं, रेंजवर ये. मी नाई आलो." त्यानं चपलेनं माती उकरली. "म्हनून तं सब्बल आनली होती."

चहा आला. मी एक कप काकाजींना दिला, एक त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला आणि बाकाच्या टोकाला बसला. गवंडी पलीकडे विटेवर विटा लावत होता. काकाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि न पाहताच त्याला म्हणाले, "थंडा होऊन राहिला. पी."